लिओ फेंडर : पुरेशा आवाजाचा कारागीर

रॉक संगीताच्या इतिहासात ज्यांच्या गिटारी आणि ॲम्प्लिफायर यांना मानाचे स्थान आहे, त्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांचे शिक्षण हिशेबनिसाचे आणि हात रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा. त्यांनी बनवलेल्या छोट्या ‘चॅम्प’ ॲम्प्लिफायरमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर पाहिला, की या दोन्ही गोष्टींचा मेळ कसा बसला ते कळते.

फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात, संत्र्यांच्या बागा असलेल्या शेतकरी कुटुंबात झाला. आठव्या वर्षी डाव्या डोळ्यात गाठ झाली, डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा आला. किशोरवयात एका नातेवाइकाच्या दुकानात सुट्या भागांतून जुळवलेला रेडिओ त्यांनी ऐकला आणि पुढे शाळेत असतानाच ते रेडिओ दुरुस्त करू लागले. फुलर्टनच्या ज्युनियर कॉलेजात त्यांनी हिशेबशास्त्र शिकले, नोकऱ्याही केल्या. पण मंदीच्या काळात त्या टिकल्या नाहीत. अखेर १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले.

गावातले वादक आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर या दुकानात आणत. कोणता भाग जळतो, कोणता सांधा निसटतो, उघडायला काय अवघड जाते, हे फेंडर यांना रोज दिसत होते. १९४६ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, तेव्हा हाच अनुभव त्यांचे भांडवल ठरला. टेलिकास्टर आणि १९५४ची स्ट्रॅटोकास्टर या गिटारींनी त्यांचे नाव जगभर नेले. त्यांच्या बरोबरीनेच, शिकाऊ वादकाला परवडेल असा एक लहान ॲम्प्लिफायर ते १९४८ पासून बनवत होते. तोच पुढे ‘चॅम्प’ म्हणून ओळखला गेला.

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या चॅम्पमध्ये जेमतेम तीन व्हॉल्व्ह होते आणि ताकद सुमारे ५ वॅट. आपल्याकडच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओसारखीच ही रचना. शेवटचा ‘६व्ही६’ हा व्हॉल्व्ह एकट्याने स्पीकर चालवत असे. अडचण अशी, की व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांचा स्वभाव जुळत नाही. व्हॉल्व्हला भरपूर व्होल्टेज आणि अगदी थोडा प्रवाह सोयीचा. स्पीकरला थोडे व्होल्टेज आणि भरपूर प्रवाह हवा. या दोघांमधला मध्यस्थ म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर.

हिशेब सोपा आहे. ६व्ही६ ला आपल्यापुढे सुमारे ५,००० ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो साधारण ४ ओहमचा. हे गुणोत्तर १,२५० पट. तारेच्या वेढ्यांचे गुणोत्तर त्याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३५ असावे लागते. ५ वॅटचा आवाज काढताना व्हॉल्व्हच्या बाजूला सुमारे १५८ व्होल्ट आणि ३२ मिलिॲम्पिअर असतात. स्पीकरच्या बाजूला तेच साडेचार व्होल्ट आणि १.१ ॲम्पिअर होतात. याच ट्रान्सफॉर्मरला ८ ओहमचा स्पीकर जोडला, तर व्हॉल्व्हला १०,००० ओहम दिसतात. मग ताकद आणि आवाजाचा पोत दोन्ही बदलतात.

एकट्या व्हॉल्व्हच्या रचनेत आणखी एक मेख आहे. वाजवत नसतानाही ४०-४५ मिलिॲम्पिअरचा एकदिश प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून सतत वाहतो आणि लोखंडी गाभ्याला एकाच बाजूने चुंबकित करतो. गाभा भरून गेला, की आवाजातले चढउतार त्यात मावत नाहीत. म्हणून गाभ्याच्या पत्र्यांमध्ये कागदाएवढी बारीक फट ठेवतात. दोन व्हॉल्व्हच्या जोडीसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही प्रवाहांचे परिणाम एकमेकांना खोडून काढतात, त्यामुळे तिथे अशी फट ठेवत नाहीत. वॅटचा आकडा जुळला म्हणून तो चॅम्पमध्ये बसवणे चुकीचे ठरते.

फट ठेवली की खालचे सूर थोडे दुबळे होतात. ते सांभाळायचे तर गाभा मोठा आणि वेढे जास्त हवेत. म्हणजे वजन आणि किंमत दोन्ही वाढणार. फेंडर यांनी ट्रान्सफॉर्मर लहानच ठेवला. गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झला वाजते आणि आठ इंची स्पीकर लहानशा पेटीतून त्याखालचे फारसे काही ऐकवू शकत नाही. जे ऐकूच येणार नाही त्यासाठी विद्यार्थ्याच्या खिशाला चाट कशाला? जोरात वाजवल्यावर व्हॉल्व्ह, छोटा गाभा आणि छोटा स्पीकर मिळून आवाजाला एक खरखरीत गोडवा देतात. पुढे नामवंत वादकांनी ध्वनिमुद्रणासाठी मुद्दाम हाच अॅम्प निवडला. एरिक क्लॅप्टन यांचे १९७० मधले ‘लैला’च्या वेळचे ध्वनिमुद्रण हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

आजही हौशी मंडळी असे ॲम्प्लिफायर जुळवतात. त्यांनी भार, एकदिश प्रवाह आणि फट या तीन गोष्टी आधी पाहाव्यात, आकार नंतर. स्पीकर न जोडता असा ॲम्प्लिफायर वाजवू नये. ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळून त्याचे आवरण जळू शकते. आत ३०० व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. तो जीवघेणा ठरू शकतो, म्हणून जाणकार सोबत नसेल तर पेटी उघडू नये.

फेंडर यांच्या आयुष्याला सर्वांत मोठे वळण मात्र आजारपणाने दिले. पन्नाशीच्या दशकात त्यांना सायनसचा जिवाणूसंसर्ग जडला आणि तो वर्षानुवर्षे हटेना. आता आपले फार दिवस उरले नाहीत अशी त्यांची समजूत झाली. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. त्यानंतर थोड्याच काळात डॉक्टर बदलले, औषध बदलले आणि ते बरे झाले. पण नावासकट कंपनी हातातून गेली होती. जुन्या दुखण्यावर दुसऱ्या डॉक्टरचे मत वेळीच घेतले असते, तर कदाचित हा व्यवहार झालाच नसता.

ते स्वस्थ बसले नाहीत. आधी ‘म्युझिक मॅन’साठी आणि मग ‘जी अँड एल’ या नव्या कंपनीत ते वाद्ये घडवत राहिले. उतारवयात पार्किन्सनने हात थरथरू लागले, तरी कामाचे बाक सुटले नाही. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या महागड्या गिटारी आज संग्राहकांकडे असतात. मात्र चॅम्पच्या धर्तीचे ५ वॅटचे ॲम्प्लिफायर अजूनही नवे बनतात, आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर निवडताना फेंडर यांचाच हिशेब करावा लागतो : किती मोठा हे नव्हे, किती पुरेसा.