८५ टक्के वेळ जातो कुठे?

पोळ्या लाटायला लागतो अर्धा तास. निवडणं, चिरणं, मळणं, आवरणं यात मात्र अख्खी सकाळ जाते. मैत्रिणींनो, हा हिशेब आपल्याला पाठ आहे. जे. सी. आर. लिकलायडर या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५७ साली स्वतःच्या कामाचा असाच हिशेब मांडला. विचारासाठी ठेवलेला सुमारे ८५ टक्के वेळ माहिती शोधण्यात, आकडेमोडीत आणि आलेख काढण्यातच संपतो, असं त्यांना दिसलं!

जन्म ११ मार्च १९१५, सेंट लुईसचा. एकुलते एक. लहानपणी विमानांची मॉडेल्स करायचा नाद. पीएच.डी. केली ती मेंदू आवाज कसा ऐकतो यावर. म्हणजे गृहस्थ इंजिनियर नव्हे, मानसशास्त्रज्ञ बरं का! म्हणूनच असेल, त्यांना यंत्राआधी त्यापुढचं माणूस दिसलं. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर धूड. कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं.

१९६२ साली ते अमेरिकन संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ संस्थेत गेले. तिथला पैसा त्यांनी विद्यापीठांतल्या कॉम्प्युटर संशोधनाकडे वळवला. १९६३ मध्ये सहकाऱ्यांना टिपण पाठवलं: ही विखुरलेली यंत्रं एकमेकांना जोडू या. १९६५ साली भविष्यातल्या ग्रंथालयांवर पुस्तकही लिहिलं. वाचकानं पुस्तकापाशी जायचं नाही, माहितीनंच त्याच्याकडे यायचं.

हे वाचताना मला माझं एम.फिल. आठवतं. एका संदर्भासाठी जालन्याहून साठेक किलोमीटरवर औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) जायचं, लेकीला शेजारच्या काकूंकडे ठेवून. आणि तिथं कळायचं, पुस्तक दुसऱ्या कुणी नेलंय! माझ्या दोन मैत्रिणींनी अभ्यास सोडला, तो बुद्धी कमी पडली म्हणून नाही, गाडीच्या वेळा जमेनात म्हणून.

लिकलायडर १९६४ मध्येच आर्पातून बाहेर पडले होते. जाळं उभारलं ते इतरांनी. २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला निरोप निघाला. दोन अक्षरं पोचली आणि यंत्र बंद पडलं! आपल्याकडे १९८६ साली ‘अर्नेट’ सुरू झालं, त्यात मुंबईची एनसीएसटी आणि आयआयटी होत्या. जालन्याला मात्र बरीच वाट पाहावी लागली.

दम्याच्या आजारात लिकलायडर २६ जून १९९० ला गेले. आर्पानेटही त्याच वर्षी बंद झालं. तोवर त्याहून मोठी जाळी कामाला लागली होती.