ब्लेझ पास्कल आणि हातच्याचे यंत्र

गणिताच्या तासाला आज आलेख काढून देणारा कॅल्क्युलेटर हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने या यंत्राच्या एका पूर्वजाची हकीकत जाणून घ्यावी. तो पूर्वज एका मुलाने वडिलांसाठी घडविला होता.

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ येथे झाला. आई लहानपणीच वारली. वडील एत्येन यांनी त्याला शाळेत न घालता घरीच शिकविले. सोळाव्या वर्षी त्याने शंकुच्छेदांवर निबंध लिहिला.

वडील रूआं शहरी करवसुलीचे अधिकारी झाले आणि घरात बेरजांचे डोंगर उभे राहिले. फ्रेंच नाणीही दशमान नव्हती. आपल्या जुन्या बारा पैंच्या आण्याप्रमाणे तिथे बारा दनियेंचा एक सोल होई, आणि वीस सोलांचा एक लीव्र. वडिलांचे कष्ट पाहून १६४२ मध्ये पास्कलने यंत्राचे काम हाती घेतले.

खरी अडचण हातच्याची होती. नवावरून शून्यावर येताना शेजारचे चाक एका घराने पुढे सरकले पाहिजे. पास्कलने एक वजनदार तरफ बसविली; चाक फिरताना ती हळूहळू उचलली जाई आणि शून्य येताच खाली पडून पुढच्या चाकाला ढकली. मात्र चाके उलटी फिरत नसत, म्हणून वजाबाकी पूरक संख्येच्या साहाय्याने करावी लागे. अनेक नमुने करून पाहिल्यावर १६४५ मध्ये यंत्र लोकांसमोर आले. १६४९ मध्ये राजाकडून हक्कपत्रही मिळाले.

पास्कलने एकच यंत्र सर्वांच्या गळ्यात बांधले नाही. हिशेबासाठी नाण्यांचे, शुद्ध गणितासाठी दशमान आणि जमीनमोजणीसाठी निराळे, अशी कामागणिक यंत्रे त्याने केली. पण ती फार महाग पडली. ज्या कारकुनांचे कष्ट वाचावयाचे, त्यांना ती परवडली नाहीत आणि थोडीच खपली. त्यांपैकी काही पॅरिसच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात.

१६५४ मध्ये फर्माशी झालेल्या पत्रव्यवहारातून त्याने संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला. त्या कामी यंत्र नव्हे, बुद्धीच उपयोगी पडली. १९ ऑगस्ट १६६२ रोजी, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो निवर्तला.

कॅल्क्युलेटर घेताना किमतीची चिठ्ठी पाहण्याआधी आपले काम कोणते आणि परीक्षेत काय चालते, हे पाहावे. हातचा यंत्राने धरला तरी गणित मांडावयाचे ते आपणच.