हेमू अधिकारी

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी (जन्म : पुणे, ३१ जुलै १९१९, मृत्यू : मुंबई, २५ ऑक्टोबर २००३) हे भारतीय क्रिकेट खेळाडू, कर्णधार, संघ व्यवस्थापक आणि प्रशिक्षक होते. ते हेमू अधिकारी या नावाने, तर लष्करातील सेवेमुळे कर्नल अधिकारी म्हणूनही ओळखले जात. १९४७ ते १९५९ या काळात ते भारताकडून २१ कसोटी सामने खेळले व त्यांपैकी शेवटच्या सामन्यात त्यांनी संघाचे नेतृत्व केले. १९७१ मध्ये भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिला कसोटी विजय व पहिला मालिका विजय मिळवला, तेव्हा ते संघाचे व्यवस्थापक होते. १९७४ मध्ये त्याच भूमीवर संघ ४२ धावांत बाद झाला, तेव्हाही व्यवस्थापक तेच होते.

प्रारंभिक कारकीर्द

अधिकारी उजव्या हाताचे फलंदाज होते व प्रसंगी लेगस्पिन गोलंदाजी करीत. १९३६-३७ च्या हंगामात, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी गुजरातकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. पुढे ते बडोद्याकडून आणि मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडूनही खेळले. ऐन उमेदीची वर्षे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गेल्याने त्या पिढीतील इतर खेळाडूंप्रमाणे त्यांनाही कसोटी पदार्पणासाठी बरीच वाट पाहावी लागली. त्यांनी लष्करी सेवा पत्करली आणि त्यानंतर त्यांचे बहुतेक देशांतर्गत क्रिकेट सेनादलाच्या संघाकडून झाले. सेवेतील जबाबदाऱ्यांमुळे अनेक सामन्यांना व दौऱ्यांना ते उपलब्ध नसत. त्यामुळे बारा वर्षांच्या कसोटी कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला २१ सामनेच आले.

कव्हरच्या जागी क्षेत्ररक्षण करताना त्यांची चपळाई आणि फेकीतील अचूकता विशेष नावाजली गेली. भारतीय क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षणाकडे फारसे गांभीर्याने पाहिले जात नव्हते, त्या काळात ते या अंगावर कसून मेहनत घेत. प्रशिक्षक म्हणून त्यांनी पुढे याच गोष्टीवर सर्वाधिक भर दिला.

कसोटी कारकीर्द

अधिकारी यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये ब्रिस्बेन येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळला. स्वतंत्र भारताच्या संघाचा तो पहिलाच कसोटी सामना होता. डॉन ब्रॅडमन यांच्या संघाने ती मालिका ४-० अशी जिंकली. ॲडलेडच्या कसोटीत विजय हजारे यांनी दोन्ही डावांत शतके केली. दुसऱ्या डावात रे लिंडवॉल एका बाजूने बळी घेत असताना अधिकारी यांनी ५१ धावा करून हजारे यांना साथ दिली. या दोघांनी सातव्या गड्यासाठी १३२ धावा जोडल्या.

नोव्हेंबर १९४८ मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर झालेल्या पहिल्या कसोटी सामन्यात वेस्ट इंडीजने ६३१ धावा केल्या. भारताच्या ४५४ धावांत अधिकारी यांचा वाटा नाबाद ११४ धावांचा होता. हे त्यांचे एकमेव कसोटी शतक होय. फॉलोऑननंतरही ते नाबाद राहिले आणि भारताने सामना अनिर्णित राखला.

ऑक्टोबर १९५२ मध्ये याच मैदानावर पाकिस्तानचा संघ आपला पहिला कसोटी सामना खेळला. भारताचे नऊ गडी २६३ धावांत बाद झाले होते. अधिकारी (नाबाद ८१) व गुलाम अहमद (५०) यांनी अखेरच्या गड्यासाठी १०९ धावांची भर घातली आणि भारताने सामना एक डाव ७० धावांनी जिंकला. अखेरच्या गड्यासाठीचा हा भारतीय विक्रम बावन्न वर्षे टिकला. डिसेंबर २००४ मध्ये ढाका येथे सचिन तेंडुलकर व झहीर खान यांनी बांगलादेशाविरुद्ध १३३ धावांची भागीदारी करून तो मोडला.

त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यातील भारतीय संघातही अधिकारी होते. या दौऱ्यात हेडिंग्लेच्या कसोटीत दुसऱ्या डावात एकही धाव झालेली नसताना भारताचे चार गडी बाद झाले, तर ओल्ड ट्रॅफर्डवर संघ एकाच दिवसात ५८ व ८२ धावांत दोनदा बाद झाला. परदेशात, विशेषतः वेगवान गोलंदाजीपुढे, भारतीय संघ टिकत नाही, हा समज त्या काळात दृढ झाला.

एका सामन्याचे कर्णधारपद

१९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला असता पाच कसोटींच्या मालिकेत भारताचे चार कर्णधार झाले. गुलाम अहमद पहिल्या सामन्यात खेळू शकले नाहीत म्हणून पॉली उमरीगर यांनी नेतृत्व केले. दुसऱ्या व तिसऱ्या सामन्यात गुलाम अहमद कर्णधार होते. तिसऱ्या सामन्यानंतर त्यांनी निवृत्ती पत्करली. मद्रासच्या चौथ्या सामन्याच्या आदल्या दिवशी संघनिवडीच्या वादातून उमरीगर यांनी राजीनामा दिला आणि ऐनवेळी विनू मांकड यांच्याकडे नेतृत्व सोपवण्यात आले. भारताने तीन सामने गमावले होते. वृत्तपत्रे व प्रेक्षक खेळाडूंइतकेच निवड समिती व नियामक मंडळावरही संतापले होते.

अशा स्थितीत दिल्लीच्या पाचव्या सामन्यासाठी अधिकारी यांना बोलावण्यात आले. ते तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या नेतृत्वाखाली सेनादलाचा संघ १९५६-५७ व १९५७-५८ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. मुंबई, बडोदा यांसारख्या बलाढ्य संघांच्या तुलनेत सेनादलाकडे नामवंत खेळाडू मोजकेच होते. शिस्त, तंदुरुस्ती आणि क्षेत्ररक्षण यांच्या बळावर या संघाने हे यश मिळवले होते.

फेब्रुवारी १९५९ मध्ये झालेल्या या सामन्यात वेस्ट इंडीजने ८ बाद ६४४ धावांवर डाव घोषित केला. अधिकारी यांनी ६३ व ४० धावा केल्या आणि ६८ धावांत तीन गडी बाद केले. कसोटी क्रिकेटमध्ये त्यांना मिळालेले हे तीनच बळी होत. पुण्याचे चंदू बोर्डे यांनी १०९ व ९६ धावा केल्या. सामना अनिर्णित राहिला. त्यानंतरच्या इंग्लंड दौऱ्यासाठी दत्ताजीराव गायकवाड यांची कर्णधार म्हणून निवड झाली आणि भारताने ती मालिका ५-० अशी गमावली. अधिकारी यांची कसोटी कारकीर्द दिल्लीतच संपली. २१ कसोटी सामन्यांत त्यांनी ३१.१४ च्या सरासरीने ८७२ धावा केल्या.

१९७१ चा इंग्लंड दौरा

त्या काळात भारतीय संघाला आजच्या अर्थाने पूर्णवेळ प्रशिक्षक नसे. दौऱ्यापुरता एक व्यवस्थापक नेमला जाई. प्रवास, निवास, हिशेब, यजमानांशी पत्रव्यवहार व शिस्त ही त्याची मुख्य कामे असत. तो माजी खेळाडू असेल तरच सरावाची जबाबदारीही त्याच्याकडे येई. १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यावर अधिकारी यांनी या दोन्ही भूमिका पार पाडल्या.

त्याच वर्षाच्या आरंभी अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली होती. इंग्लंडमध्ये मात्र १९३२ पासून सहा दौरे करूनही भारताला एकही कसोटी जिंकता आली नव्हती. अधिकारी यांनी व्यायाम, वेळेचे बंधन आणि क्षेत्ररक्षणाचा सराव यांवर भर दिला. फिरकी गोलंदाजीवर विसंबलेल्या संघाला फलंदाजाजवळचे झेल टिपणारे क्षेत्ररक्षक आवश्यक होते. फॉरवर्ड शॉर्टलेगला एकनाथ सोलकर, स्लिपमध्ये वाडेकर आणि त्यांच्या जोडीला श्रीनिवास वेंकटराघवन व आबिद अली असे या दौऱ्यातील भारताचे क्षेत्ररक्षण तोवरच्या भारतीय संघांपेक्षा सरस मानले जाते.

पहिले दोन सामने अनिर्णित राहिले. ओव्हलच्या तिसऱ्या सामन्यात पहिल्या डावात पिछाडीवर असलेल्या भारताने इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत गुंडाळला. भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा गडी बाद केले. २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने चार गडी राखून सामना व मालिका जिंकली. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. भारतीय प्रेक्षकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. संघ परतल्यावर मुंबईत त्याची मिरवणूक निघाली आणि इंदूर येथे विजयाचे स्मारक म्हणून काँक्रीटची भव्य बॅट उभारण्यात आली. १९७२-७३ मध्ये मायदेशी इंग्लंडला २-१ असे हरवून भारताने सलग तिसरी मालिका जिंकली.

१९७४ चा दौरा व लोकक्षोभ

१९७४ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी वाडेकर व अधिकारी हीच जोडी कायम ठेवण्यात आली. तीन वर्षांतील विजयांमुळे अपेक्षा फार उंचावल्या होत्या. आकाशवाणीमुळे क्रिकेटचा श्रोतृवर्ग मुंबई-पुण्याबाहेर लहान गावांपर्यंत पोहोचला होता आणि बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने इंग्रजी न जाणणाऱ्या श्रोत्यांनाही हा खेळ आपला वाटू लागला होता.

या वेळी सामने उन्हाळ्याच्या पूर्वार्धात, थंड व ओलसर हवेत झाले. ओल्ड ट्रॅफर्डवर सुनील गावस्कर यांनी शतक केले तरी भारत ११३ धावांनी हरला. लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा केल्या. भारताला ३०२ धावांवर फॉलोऑन घ्यावा लागला आणि २४ जून रोजी दुसरा डाव अवघ्या १७ षटकांत ४२ धावांत संपला. जखमी चंद्रशेखर फलंदाजीस येऊ शकले नाहीत. दोन आकडी धावसंख्या गाठणारे सोलकर (नाबाद १८) हे एकमेव फलंदाज होते. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेड येथे ३६ धावांत बाद होईपर्यंत ही भारताची कसोटीतील नीचांकी धावसंख्या होती. बर्मिंगहॅमचा तिसरा सामना भारताने एक डाव ७८ धावांनी गमावला.

पराभवासोबत संघातील मतभेदांच्या बातम्याही देशात पोहोचत होत्या. लंडनमध्ये भारतीय उच्चायुक्तांच्या निवासस्थानी संघ उशिरा पोहोचल्याने झालेला अवमानकारक प्रसंगही बराच गाजला. शिस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थापकाच्या कारकिर्दीत असे घडल्यामुळे टीकेला अधिक धार आली.

तीन वर्षांपूर्वी स्वागताला जमलेल्या क्रिकेटरसिकांचा संयम या वेळी सुटला. वाडेकर यांच्या मुंबईतील घरावर दगडफेक झाली. इंदूरच्या विजयी बॅटची विटंबना करण्यात आली. पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेल्यावर वाडेकर यांनी निवृत्ती स्वीकारली. जनतेचा रोष मुख्यतः कर्णधारावर केंद्रित झाला, तर व्यवस्थापकाच्या वाट्याला प्रामुख्याने वृत्तपत्रीय टीका आली. १९७१ च्या श्रेयातही व्यवस्थापकाचा उल्लेख कर्णधार व खेळाडूंच्या नंतरच होत असे. हवामान, चंद्रशेखर यांची दुखापत आणि इंग्लंडच्या गोलंदाजांना मिळालेली अनुकूल परिस्थिती ही पराभवाची कारणे होती. त्यांचा विचार पुढे होत गेला. त्या उन्हाळ्यात मात्र ४२ हा आकडाच लोकांच्या लक्षात राहिला.

प्रशिक्षक म्हणून कार्य

या दौऱ्यानंतरही अधिकारी यांनी प्रशिक्षणाचे काम सोडले नाही. नियामक मंडळाच्या सराव शिबिरांत त्यांनी तरुण खेळाडूंना मार्गदर्शन केले. सुनील गावस्कर, करसन घावरी, कपिल देव व रवी शास्त्री यांच्या जडणघडणीत त्यांचा वाटा मानला जातो. त्यांची पद्धत लष्करी वळणाची होती. वेळेवर येणे, नीटनेटका पोशाख, धावणे आणि झेलांचा दीर्घ सराव यांत ते सवलत देत नसत. काही खेळाडूंना ही शिस्त जाचक वाटे. परंतु भारतीय संघात तंदुरुस्ती व क्षेत्ररक्षण यांना महत्त्व मिळवून देणाऱ्या आरंभीच्या प्रशिक्षकांत त्यांची गणना होते. १९८३ मध्ये कपिल देव यांच्या नेतृत्वाखाली विश्वचषक जिंकणाऱ्या संघातील गावस्कर व शास्त्री हेही त्यांच्या हाताखालून गेलेले होते.

निधन व वारसा

२५ ऑक्टोबर २००३ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी अधिकारी यांचे मुंबईत निधन झाले.

त्यांच्या हयातीतच भारतीय संघाच्या व्यवस्थापकाचे पद बदलत गेले. १९९२ ते १९९६ या काळात अजित वाडेकर संघाचे व्यवस्थापक होते आणि प्रशिक्षकाचे कामही तेच पाहत. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताची अवस्था ८ बाद १२० झाली, तेव्हा संतप्त प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या व जाळपोळ केली. सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला. १९७४ मध्ये कर्णधार म्हणून लोकक्षोभ सोसलेल्या वाडेकर यांनी तो बावीस वर्षांनी व्यवस्थापक म्हणून पुन्हा पाहिला. २००० मध्ये न्यूझीलंडचे जॉन राइट यांच्या नेमणुकीने भारताला पहिला परदेशी प्रशिक्षक मिळाला. त्यानंतर संघाच्या यशापयशाचा जाब प्रशिक्षकालाही विचारला जाऊ लागला.

अधिकारी यांनी हे काम केले तेव्हा त्या पदाला ना निश्चित मुदत होती, ना स्वतंत्र अधिकार, ना सहायकांचा ताफा. १९५९ मध्ये विस्कटलेला संघ, १९७१ मध्ये जिंकणारा संघ आणि १९७४ मध्ये कोसळलेला संघ अशा तिन्ही अवस्थांत भारतीय क्रिकेटची जबाबदारी त्यांच्याकडे आली होती.