चांदीचा डोळा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवरची शेळी बिबट्याने नेली. आंबेगाव किंवा जुन्नर तालुक्यात ज्याचे घर आहे त्याला यात नवल वाटणार नाही. धरणांचे पाणी आले, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्याने मुक्काम केला. चार दिवसांनी वनखात्याची माणसे आली आणि बांधावरच्या बाभळीला एक हिरवट डबी बांधून गेली. समोरून कोणी गेले की ती आपोआप फोटो काढते, एवढे त्यांनी सांगितले. आजीने मला विचारले की त्या डबीला दिसते तरी का? मी कला शाखेचा विद्यार्थी. मला उत्तर देता आले नाही. ते शोधायला म्हणून मी आमच्या ग्रंथालयात गेलो आणि तेथे मला जगदीशचंद्र बोस भेटले.

वनस्पतींनाही संवेदना असते असे सांगणारे शास्त्रज्ञ एवढीच त्यांची ओळख आपल्याला शाळेच्या पुस्तकातून झालेली असते. त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. तरीही मुलाला त्यांनी प्रथम इंग्रजी शाळेत न घालता बंगाली शाळेत घातले. तेथे छोट्या जगदीशच्या शेजारी वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा आणि एका कोळ्याचा मुलगा बसत. मासे, पाखरे, पाणवनस्पती यांच्या गोष्टी त्याने या सोबत्यांकडूनच ऐकल्या. आपल्यापैकी जे मराठी शाळेतून येथवर आले, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पुढे कलकत्त्यात आणि मग केंब्रिजला शिकून ते १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्या काळी भारतीय प्राध्यापकाला गोऱ्या प्राध्यापकापेक्षा कमी पगार मिळे. बोसांनी भांडण केले नाही, राजीनामाही दिला नाही. घरावर कर्ज असताना तीन वर्षे ते नेमाने शिकवीत राहिले आणि पगाराला हात लावला नाही. शेवटी सरकारने मागील बाकीसह पूर्ण पगार दिला, आणि त्यातून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले.

प्रयोगशाळा म्हणून त्यांच्या वाट्याला एक लहानशी खोली आली. उपकरणे त्यांनी गावठी कारागिराकडून करून घेतली. १८९५ साली त्यांनी कलकत्त्यात भिंतीपलीकडून विद्युतलहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली. या लहरींचा वेध घेणारे साधन हाताळताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. सतत वापरले की ते साधन मंद होई आणि विश्रांती दिली की पुन्हा ताजेतवाने होई. निर्जीव धातू थकतो कसा? दुसऱ्या एखाद्याने साधन बिघडले म्हणून ते फेकून दिले असते. बोसांनी त्या थकव्याचाच अभ्यास सुरू केला.

यातूनच त्यांचा कृत्रिम डोळा जन्माला आला. गॅलेना या शिशाच्या खनिजावर धातूचे टोक टेकवून त्यांनी एक साधन केले. डोळ्याला दिसणारा प्रकाश त्याला जाणवे आणि डोळ्याला न दिसणाऱ्या विद्युतलहरीही जाणवत. पेटंट घेण्याची त्यांना हौस नव्हती. परंतु स्नेह्यांच्या आग्रहामुळे १९०१ साली अर्ज गेला आणि १९०४ मध्ये अमेरिकेत ते पेटंट मंजूर झाले. अर्धवाहक साधनाच्या अगदी पहिल्या पेटंटांत त्याची गणना होते.

दुसरा डोळा चांदीचा होता. चांदीची कांडी ठोकून तिच्या टोकाला त्यांनी पोकळ पेला केला, आतून त्याला ब्रोमीनची वाफ दिली, त्यात पाणी भरले आणि तो काळ्या पेटीत ठेवला. पेल्याची आतली बाजू म्हणजे डोळ्याचा पडदा आणि खालची कांडी म्हणजे नेत्रतंतू. वरच्या भोकातून प्रकाश पाडला की विजेचा प्रवाह बदले, अंधार केला की तो पूर्वपदावर येई. त्याचे आलेख बेडकाच्या डोळ्याच्या आलेखांशी विलक्षण जुळत. हे सारे त्यांनी १९०२ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले.

इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञांना हे रुचले नाही. पदार्थविज्ञानाच्या माणसाने आमच्या अंगणात येऊ नये, असा त्यांचा सूर होता. १९०१ साली रॉयल सोसायटीपुढे वाचलेला त्यांचा निबंध छापला न जाता दप्तरात पडून राहिला. धातूच्या प्रतिसादाला जीवन म्हणणे आजचे शास्त्रही मानीत नाही. मात्र प्रकाशाचा बदल टिपणारी निर्जीव वस्तू घडविता येते, हे त्यांनी दाखविले ते दाखविलेच. १९१७ साली त्यांनी कलकत्त्यात स्वतःची संशोधनसंस्था उभारली, १९२० साली त्याच रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले, आणि २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

आता आजीच्या प्रश्नाकडे येतो. आपला डोळाही बदलावरच जगतो. पडद्यावरची प्रतिमा मुळीच हलली नाही तर ती हळूहळू विरून जाते, म्हणून बुबुळ सतत सूक्ष्म थरथरत असते. बाभळीवरच्या डबीची रीतही काहीशी तशीच आहे. प्रत्येक प्राण्याच्या अंगातून उष्णतेचा न दिसणारा प्रकाश बाहेर पडतो. डबीत तो टिपणारे दोन भाग शेजारी शेजारी असतात. दोन्हींवर सारखाच प्रकाश पडत असेल तोवर ती गप्प राहते; कोणी समोरून सरकले की आधी एकावर व मग दुसऱ्यावर तो जास्त पडतो आणि कॅमेरा जागा होतो. ही डबी काही बोसांनी केलेली नव्हे. परंतु डोळ्याचे काम डोळ्याशिवाय करता येईल का, हा प्रश्न त्यांनी शंभर वर्षांहूनही आधी काळ्या पेटीत घालून पाहिला होता.

आठवड्याने वनखात्याच्या माणसांनी डबीतले फोटो दाखविले. पहिल्या दोन फोटोंत मीच होतो, रात्री मोटार बंद करायला निघालेला. तिसऱ्यात, माझ्यानंतर अकरा मिनिटांनी, त्याच बांधावर बिबट्या होता.

आजीला मी सांगितले की डबीला दिसत नाही, तिला फक्त काहीतरी बदलले एवढेच कळते. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने तंबी दिली की यापुढे रात्री मोटारीकडे एकट्याने जायचे नाही.