नाणी तोलणारे दा. ध. कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. हार्वर्डची पदवी १९२९ मध्ये घेऊन आलेले हे गणिती पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले. चलनात फिरून नाणे झिजते. नाणी जितकी जास्त काळ फिरलेली तितके सरासरी वजन कमी आणि नाण्यानाण्यांतला फरक जास्त, हा नियम त्यांनी तक्षशिलेच्या नाण्यांना लावला. पण तेवढ्यावर न थांबता आपल्या काळातली नाणी तोलूनही तो पडताळला.

याच कोसंबींनी १९५९ मध्ये संभाव्यतेच्या आधारे रीमानचे कूट सोडवल्याचा दावा केला. गणितज्ञांनी तो मानला नाही. १९६६ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

आमच्या सिंदीत कापूस काट्यावर घालण्याआधी बाबा काटा तपासतात. थोरांचा नियमही तसाच तपासून घ्यावा, हे मी कोसंबींकडून शिकलो.