पाण्याचा थेंब तपासणारे डॉ. हॅसल

आर्थर हिल हॅसल हे नाव वैद्यकीय विद्यार्थ्यांना थायमस ग्रंथीतील ‘हॅसल पिंडां’मुळे पाठ असते. पण या डॉक्टरांचे मोठे काम पाण्याशी आणि अन्नाशी निगडित आहे.

हॅसल यांचा जन्म १८१७ मध्ये लंडनजवळच्या टेडिंग्टन येथे एका शल्यचिकित्सकाच्या घरी झाला. डब्लिनमध्ये नात्यातल्या एका डॉक्टरांच्या हाताखाली ते वैद्यकी शिकले. सूक्ष्मदर्शकाचे त्यांना वेड होते. १८४५ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या गोड्या पाण्यातील शैवालांवर दोन खंडांचा सचित्र ग्रंथ लिहिला. आज ज्यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात, ते निळे-हिरवे जीवही तेव्हा शैवालांतच गणले जात आणि या ग्रंथात तेही आहेत.

त्या काळी लंडनमधील अनेक घरांत थेम्सचे पाणी येई आणि शहराचे सांडपाणीही त्याच नदीत जाई. १८५० मध्ये हॅसल यांनी पाणी कंपन्यांचे नमुने तपासले. त्यांत दिसलेल्या सूक्ष्मजीवांची आणि घाणीची चित्रेच त्यांनी लोकांपुढे ठेवली. १८५२ च्या कायद्याने लंडनमध्ये घरगुती वापराचे पाणी गाळून देणे कंपन्यांना बंधनकारक झाले. पुढे ‘द लॅन्सेट’मधून त्यांनी अन्नातील भेसळ दुकानदारांच्या नावांसह उघड केली. ब्रिटनचा पहिला भेसळविरोधी कायदा १८६० मध्ये आला. स्वतः फुप्फुसाच्या आजाराने खंगल्यावर त्यांनी व्हेंटनर येथे क्षयरुग्णांसाठी रुग्णालय उभारले. १८९४ मध्ये इटलीतील सान रेमो येथे त्यांचे निधन झाले.

सूक्ष्मदर्शकातून जीव दिसतो, त्याचे विष दिसत नाही. हॅसल हयात असतानाच, १८७८ मध्ये, जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराची हकिकत प्रसिद्ध केली. तेथील पाण्यावरचा हिरवा थर पोटात गेल्याने जनावरे दगावत होती. माणसांवरचे संकट १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू येथे दिसले. डायलिसिसच्या पाण्यात या जिवाणूंचे विष राहिले आणि यकृत निकामी होऊन ५० हून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला.

उन्हाळ्यात साचलेल्या, सांडपाण्याने किंवा खतांनी पोसलेल्या पाण्यात हे जीव झपाट्याने वाढतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण मायक्रोसिस्टिनसारखे विष नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरते. म्हणून तळ्यावर हिरव्या रंगाच्या सायीसारखा थर दिसला, तर ते पाणी पिऊ नये, मुलांना त्यात डुंबू देऊ नये, गुरांनाही पाजू नये आणि आरोग्य खात्याला कळवावे. पाणी पिण्याआधी ते तपासायला हवे, हा हॅसल यांचा धडा आजही तितकाच खरा आहे.