कापसाच्या मळ्यातून मतपेटीकडे

अमेरिकेतील काळ्यांच्या मुक्तिलढ्याचा विषय निघाला की आमच्या सभा-संमेलनांतून डॉ. मार्टिन ल्युथर किंग यांचे नाव घेतले जाते. फार झाले तर बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचे. नावे मोठीच आहेत, वाद नाही. पण ज्या मिसिसिपी राज्यात गोऱ्यांची दहशत टोकाची होती, तिथला लढा कुणी लढवला? कापूस वेचणाऱ्या, मालकाच्या कर्जात बुडालेल्या, शाळेची जेमतेम काही वर्षे पाहिलेल्या माणसांनी. फॅनी लू हॅमर या त्यांतल्याच एक. त्यांचे चरित्र चळवळीच्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावे असे आहे.

६ ऑक्टोबर १९१७ रोजी टाउनसेंड नावाच्या शेतमजूर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईबापाचे हे विसावे अपत्य. कुटुंब गोऱ्या मालकाच्या जमिनीवर अर्धेलीने कापूस पिकवीत असे. बियाणे, खत, किराणा, सारे मालकाकडून उधारीवर आणायचे आणि वर्षाअखेरीस हिशेबही मालकानेच मांडायचा. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. मालकाच्या वहीत ती तशीच चालू राहिली. फॅनी सहा वर्षांची असताना मालकाने तिला दुकानातल्या खाऊचे आमिष दाखवून ३० पौंड कापूस वेचायला लावला. पोरीने तो वेचला आणि त्या दिवसापासून ती मजूर झाली. पुढे वडिलांनी पैपै साठवून खेचरे आणि गाडी घेतली, तर कुणा गोऱ्याने जनावरांच्या चाऱ्यात विष कालवले. काळा माणूस स्वतःच्या पायावर उभा राहू लागला की काय होते, हे त्या घराने असे पाहिले.

१९४४ साली पेरी हॅमर यांच्याशी लग्न झाले आणि रूलव्हिल गावाजवळच्या एका मळ्यावर दोघे राबू लागले. फॅनी लूंना लिहितावाचता येत असल्याने मजुरांची हजेरी आणि वेचलेल्या कापसाचे वजन मांडण्याचे काम त्यांच्याकडे आले. मालकाचा काटा मारलेला असे. तो जवळपास नसला की त्या स्वतःजवळचे वजन काट्याला लावून मजुरांना त्यांचे खरे माप देत. कुठल्याही संघटनेचे नाव कानावर पडण्याआधीची ही गोष्ट आहे!

१९६१ मध्ये पोटातली गाठ काढण्यासाठी त्या रुग्णालयात गेल्या. गोऱ्या डॉक्टरने त्यांना न विचारता गर्भाशयच काढून टाकले. गरीब काळ्या बायकांच्या बाबतीत हे त्या भागात सर्रास चालत असे. संमतीवाचून केलेली शस्त्रक्रिया हा कायद्याच्या दृष्टीने शरीरावरचा हल्लाच होय, एवढे आम्ही वकील म्हणून सांगू शकतो. पण गोऱ्या डॉक्टरवर गोऱ्या ज्यूरीपुढे फिर्याद करणार कोण?

ऑगस्ट १९६२ मध्ये 'स्निक' या विद्यार्थी संघटनेचे तरुण रूलव्हिलला आले. चर्चमध्ये सभा झाली. काळ्यांनाही मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा हक्क आहे, हे फॅनी लूंना वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या सभेत पहिल्यांदा कळले. ३१ ऑगस्टला अठरा माणसे एका जुन्या बसमधून इंडियानोलाच्या कचेरीत निघाली. त्यांत त्या होत्या.

आता मिसिसिपीचा कायदा कसा होता ते पाहा. त्यात 'काळ्यांना मत नाही' असे कुठेही लिहिलेले नव्हते. १८९० च्या राज्यघटनेने मतदान कर आणि साक्षरतेची परीक्षा एवढेच ठेवले होते. अर्जदाराने राज्यघटनेचे एखादे कलम उतरवून त्याचा अर्थ लिहायचा आणि तो बरोबर की चूक हे गोऱ्या नोंदणी अधिकाऱ्याने ठरवायचे. अर्जात नोकरी कुणाकडे हेही विचारलेले असे. १९६२ च्या कायद्याने अर्जदारांची नावे स्थानिक वृत्तपत्रात छापण्याची सोय केली, म्हणजे मालकाला शोध घेत बसायला नको. फॅनी लूंना 'डी फॅक्टो' कायद्यांवरचे कलम आले. हा शब्द आम्हाला कायद्याच्या वर्गात भेटला. कापसाच्या मळ्यात तो कुणाला भेटणार? त्या नापास झाल्या.

बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी का लावून धरली, हे अशा वेळी उमगते. आमच्या अंगठेबहाद्दर आजाआजींनी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत दिले, तेव्हा त्यांना कुणी घटनेचे कलम समजावून सांगायला लावले नाही. गावोगाव ते मत टाकताना काय सोसावे लागले, तो वेगळा इतिहास आहे.

परतीच्या वाटेवर पोलिसांनी ती बस अडवली. गुन्हा कोणता, तर बसचा रंग जास्त पिवळा आहे! शंभर डॉलरचा दंड घासाघीस होऊन तीसवर आला. तो अठरा जणांनी पदरचे पैसे गोळा करून भरला. घाबरलेल्या माणसांना धीर यावा म्हणून फॅनी लू बसमध्ये गाऊ लागल्या. त्या घरी पोहोचण्याआधी बातमी मळ्यावर पोहोचली होती. अर्ज मागे घे, नाही तर चालती हो, असा मालकाचा निरोप. त्यांनी अर्ज मागे घेतला नाही. अठरा वर्षांची चाकरी त्या रात्री संपली. नवऱ्याला सुगी होईपर्यंत मळ्यावर अडकवून ठेवले आणि नंतर घरातले बहुतेक सामान मालकाने ठेवून घेतले. १० सप्टेंबरला त्या ज्या घरी आसऱ्याला होत्या, त्या घरावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या.

जानेवारी १९६३ मध्ये त्या परीक्षा पास झाल्या. पण मत द्यायला गेल्या तेव्हा मतदान कराच्या दोन पावत्या दाखवा, असे सांगण्यात आले. त्याच वर्षी ९ जूनला प्रशिक्षण शिबिराहून परतताना विनोना गावात त्यांना सहकाऱ्यांसह अटक झाली. पोलिसांनी तुरुंगातल्या दोन काळ्या कैद्यांच्या हाती दंडुका देऊन त्यांना मारायला लावले. हुकूम गोऱ्यांचा, हात काळ्यांचा. मूत्रपिंड आणि डोळा कायमचे अधू झाले. त्या कोठडीत असतानाच १२ जूनला मेडगर एव्हर्स यांचा खून झाला. पोलिसांवर खटला चालला; ज्यूरी सगळी गोरी; डिसेंबरमध्ये सारे निर्दोष सुटले.

२२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटी येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात फॅनी लू साक्षीला उभ्या राहिल्या. मिसिसिपीहून आलेले प्रतिनिधी केवळ गोऱ्यांनी निवडलेले, म्हणून काळ्यांनी उभारलेल्या फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीच्या ६८ जणांनी त्या जागांवर हक्क सांगितला होता. मळ्यावरून हाकलले जाणे, विनोनाची मारहाण, सारे त्यांनी देशापुढे मांडले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावून दूरचित्रवाणीचे कॅमेरे तिकडे वळवले. त्यांचा डाव फसला, कारण ती साक्ष त्या रात्री वाहिन्यांनी पुन्हा दाखवली.

मग तडजोड आली. दोन जागा देऊ. आणि त्या दोघांची नावेही आम्हीच ठरवू. नागरी हक्क चळवळीतल्या अनेक नामवंतांनी ती स्वीकारण्याचा सल्ला दिला. फॅनी लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती फेटाळली. आमच्या मते हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय होय. पुणे करार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना दुसऱ्याने निवडलेला आपला प्रतिनिधी म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात त्या अधिकृत प्रतिनिधी म्हणून बसल्या.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याने साक्षरतेची परीक्षा उठवली. मिसिसिपीतल्या काळ्यांची नोंदणी सुमारे ७ टक्क्यांवरून दोन वर्षांत जवळपास ६० टक्क्यांवर गेली. (त्या कायद्याचा कणा असलेली तरतूद २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकली, हेही नोंदवून ठेवावे.) काळ्यांना नोंदणीला वेळच न देता घेतलेल्या सनफ्लावर गावाच्या निवडणुकीविरुद्ध फॅनी लू कोर्टात गेल्या आणि १९६६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी 'हॅमर विरुद्ध कॅम्पबेल' जरूर वाचावा. १९६७ मध्ये फेरनिवडणूक झाली आणि काळे उमेदवार पडले.

का पडले? ज्याची चूल मालकाच्या हाती, त्याचे मतही सुरक्षित नसते, असे आम्हाला दिसते. यंत्रे आली तशी मळ्यांवरून माणसे हाकलली जात होती, पोरे उपाशी होती. त्यांची स्वतःची दत्तक मुलगी, आधीच कुपोषणाने खंगलेली, जवळपास उपचार न मिळाल्याने १९६७ साली गेली. तेव्हा फॅनी लू जमिनीकडे वळल्या. निग्रो स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेच्या मदतीने 'डुकरांची पेढी' काढली : गरजू कुटुंबाला गाभण डुकरीण द्यायची, पिल्ले झाली की त्यांतली काही पुढच्या कुटुंबाला. १९६९ मध्ये ४० एकरांवर 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती सुरू झाली आणि पुढे ती सहाशे एकरांच्या वर गेली. भेंडी, वाटाणा, घेवडा गोरगरिबांच्या घरी जाई. कापूस आणि सोयाबीन विकून जमिनीचे हप्ते भागवायचे. पूर, दुष्काळ, आटलेल्या देणग्या आणि त्यांचे स्वतःचे आजारपण यांत ही शेती १९७५-७६ च्या सुमारास बुडाली.

१४ मार्च १९७७ रोजी, मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेल्या माउंड बायू या गावच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५९. रूलव्हिलमध्ये, फ्रीडम फार्मने विकत घेतलेल्या जमिनीतच त्यांना पुरले आहे.